घर न्यू जर्सीत, क्लेम फ्लोरिडात: परराज्यातील अ‍ॅडजस्टरच्या परवान्याबद्दल मार्गदर्शन हवे आहे

रारीटनकाठी

नमस्कार. मी पुण्यात अकरा वर्षे विमा सर्वेयर म्हणून काम केले. मुख्य काम मोटारींचे होते, पण शेवटची चार वर्षे आगीचे आणि पुराचे क्लेमही पाहिले. कुटुंबाच्या निमित्ताने दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर एडिसनला आलो आणि सध्या एका गोदामात साठ्याच्या हिशेबाची नोकरी करतो. नोकरीबद्दल तक्रार नाही, परंतु आपले काम सुटल्याची रुखरुख मनातून जात नाही.

गेल्या महिन्यात एका स्वतंत्र अ‍ॅडजस्टिंग फर्मशी, म्हणजे विमा कंपन्यांसाठी नुकसान पाहून क्लेमची रक्कम ठरवणाऱ्या फर्मशी, बोलणे झाले. १ जूनला वादळांचा मोसम सुरू होतो, त्याआधी परवाने हातात असतील तर ते मला आपल्या यादीत घ्यायला तयार आहेत. मी न्यू जर्सीचा परवाना काढायला गेलो, तेव्हा असे कळले की विमा कंपनीच्या बाजूने काम करणाऱ्या अ‍ॅडजस्टरला हे राज्य परवानाच देत नाही. येथे परवाना लागतो तो फक्त पब्लिक अ‍ॅडजस्टरला. आता फ्लोरिडाच्या अर्जात ‘तुमच्या राज्याच्या परवान्याचा क्रमांक’ असा रकाना आहे आणि माझ्या राज्याकडे द्यायला क्रमांकच नाही.

माझे प्रश्न असे: ज्याच्या स्वतःच्या राज्यात परवाना नाही त्याने सुरुवात कोठून करावी? भारतातील अनुभवाचा उपयोग होतो का? आणि किती राज्यांचे परवाने काढणे शहाणपणाचे ठरेल? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

केटीचे काका

रारीटनकाठी, तुमचा रकान्याचा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि येथे निम्मे लोक तिथेच अडतात. जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत विम्याचे नियमन केंद्र सरकार करत नाही, राज्ये करतात. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते राज्यांकडेच ठेवले आहे. त्यामुळे अ‍ॅडजस्टरचा परवाना हा ड्रायव्हिंग लायसन्ससारखा नसतो. एका राज्याचा परवाना खिशात असला म्हणून दुसऱ्या राज्यात क्लेम हाताळता येत नाही. त्यातही तीन प्रकार आहेत. कंपनीचा पगारी नोकर तो स्टाफ अ‍ॅडजस्टर; कंपन्यांसाठी फीवर काम करतो तो इंडिपेंडंट; आणि घरमालकाच्या बाजूने कंपनीशी बोलतो तो पब्लिक अ‍ॅडजस्टर. पब्लिक अ‍ॅडजस्टरला बहुतेक राज्ये परवाना लावतात. पहिल्या दोघांना मात्र न्यू जर्सी, इलिनॉय, ओहायो, मिसूरी, कॅन्सस, कोलोरॅडो, टेनेसी, व्हर्जिनिया, विस्कॉन्सिन अशा बऱ्याच राज्यांत परवाना लागत नाही.

अशा राज्यांतील रहिवाशांसाठी ‘डेझिग्नेटेड होम स्टेट’ नावाची सोय आहे. परवाना देणारे एखादे राज्य तुम्ही आपले ‘मानलेले घर’ म्हणून निवडायचे, तेथील अभ्यासक्रम आणि परीक्षा तेथील रहिवाशाप्रमाणेच पूर्ण करायची, आणि मग इतर राज्यांच्या अर्जात त्याचा क्रमांक द्यायचा. टेक्सास, फ्लोरिडा आणि इंडियाना ही त्यासाठी नेहमी घेतली जाणारी नावे. ही मुभा फक्त तुमच्यासारख्यांना आहे. ज्याच्या राज्यात परवाना मिळतो त्याला आधी आपल्याच राज्याचा काढावा लागतो.

टेक्सासची पद्धत मला चांगली माहीत आहे. ऑल लाइन्स (सर्व प्रकारच्या क्लेमच्या) परवान्यासाठी ४० तासांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करता येतो, तो घरबसल्या होतो आणि परीक्षा त्याच्याच शेवटी असते, त्यामुळे वेगळ्या केंद्रावर जावे लागत नाही. त्यानंतर बोटांचे ठसे, ५० डॉलर शुल्क आणि अर्ज. परवाना दोन वर्षांचा असतो आणि त्या दोन वर्षांत २४ तासांचे पुढील शिक्षण पूर्ण करावे लागते. एकदा हा मूळ परवाना आला की बाकीच्या बहुतेक राज्यांचे अर्ज एनआयपीआर या राज्यांच्या विमा परवान्यांच्या सामाईक नोंदणीच्या संकेतस्थळावरून करता येतात आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही.

अनुभवाचे म्हणाल तर परवान्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, कामासाठी पुष्कळ आहे. त्यावर पुढे लिहीन.

ओवी फ्रिस्को

काका, मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. माझ्यासारखीला हा परवाना घेऊन काम करता येईल का? सिव्हिल इंजिनिअर आहे आणि सात वर्षे घरी बसले आहे.

हर्षद कोलंबस

काकांनी सांगितलेले बरोबर आहे, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मी ओहायोत राहतो. दोन वर्षे एका कंपनीसाठी घरूनच डेस्कचे काम केले. फोटो आणि अंदाजपत्रक माझ्या पडद्यावर यायचे, मी ते तपासून पुढे पाठवायचो. त्यात जॉर्जियाचे, फ्लोरिडाचे क्लेम असायचे, आणि कोणीही माझ्याकडे त्या राज्यांचा परवाना मागितला नाही. त्यामुळे जो छतावर चढतो त्याला परवाना लागतो, जो टेबलाशी बसतो त्याला लागत नाही, असे मला वाटते.

शिवाय मनापासून सांगायचे तर ही सारी व्यवस्था मला अन्यायाची वाटते. पत्रा फाटला, पाणी आत आले, हे टेक्सासमध्ये आणि लुइझियानात सारखेच असते. प्रत्येक राज्याला वेगळे शुल्क, वेगळे नूतनीकरण, वेगळ्या तारखा. नव्या माणसाने कमाईआधी शेकडो डॉलर अर्जांतच घालायचे का? सबंध देशाला एकच परवाना का असू नये?

मृण्मयी टँपा

हर्षद, पहिल्या मुद्द्यावर मी स्पष्टपणे असहमत आहे, कारण हे वाचून कोणी अडचणीत येऊ नये असे मला वाटते. मी फ्लोरिडात स्टाफ अ‍ॅडजस्टर आहे. तुम्ही कोठे बसला आहात हे पाहिले जात नाही, क्लेम कोठला आहे हे पाहिले जाते. नुकसान किती, ते पॉलिसीत बसते का, किती द्यायचे, हे जो ठरवतो किंवा घरमालकाशी त्यावर बोलतो, तो अ‍ॅडजस्टिंगच करतो, मग तो टँपात असो वा कोलंबसमध्ये. नुसती माहिती भरणाऱ्या कारकुनाला सूट असू शकते. तुमचे काम कोणत्या बाजूला पडत होते हे तुम्हीच पाहा, पण कोणी विचारले नाही याचा अर्थ लागत नव्हता असा होत नाही.

रारीटनकाठी, फ्लोरिडाचे आकडे एकदा समजून घ्या म्हणजे अर्जात घोटाळा होणार नाही. येथील रहिवाशाचा परवाना ६-२०, दुसऱ्या राज्याचा परवाना असलेल्याचा ७-२०, आणि फ्लोरिडालाच आपले मानलेले घर करणाऱ्याचा ७०-२०. तुम्ही टेक्सास मूळ धरलेत तर आमच्याकडे ७-२० साठी अर्ज कराल. फ्लोरिडा मूळ धरलेत तर ७०-२०. माझे मत असे की ज्या राज्यात सर्वाधिक काम करणार, त्याचा कायदा मुळातून शिकावा. तुमची फर्म मुख्यतः वादळाच्या कामाची असेल तर फ्लोरिडाच घ्या.

आणि कायदा शिकावा हे पुस्तकी म्हणून सांगत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये येथील नियम खूप बदलले. आता क्लेमची सूचना मिळाल्यावर कंपनीला सात दिवसांत पोच द्यावी लागते, साठ दिवसांत पैसे देणे किंवा नाकारणे बंधनकारक आहे, आणि अ‍ॅडजस्टरने तयार केलेले तपशीलवार अंदाजपत्रक तयार झाल्यापासून सात दिवसांत घरमालकाकडे जावे लागते. घरमालकालाही नवा क्लेम नुकसानीच्या तारखेपासून एका वर्षात सांगावा लागतो. बाहेरून आलेल्या माणसाच्या एका आठवड्याच्या दिरंगाईने हे सारे वेळापत्रक कोलमडते.

सदानंद कोथरूड

मी भारतातील बाजू सांगतो. आपल्याकडे विमा कायदा १९३८, त्यातील कलम ६४ यूएम, आणि आयआरडीएआय या विमा नियामकाचा परवाना. तो एकदा मिळाला की संपूर्ण देशात चालतो. विभाग ठरलेले असतात, म्हणजे मोटार, आग, सागरी, अभियांत्रिकी वगैरे, पण राज्याची भिंत नसते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली तेव्हा मी पुण्याच्याच परवान्यावर तेथे एकवीस दिवस होतो. एका मैदानात शेकडो गाड्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक गाडीचे दार उघडायचे, पाणी पायाशी थांबले की सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत हे चिखलाच्या रेघेवरून पाहायचे, एअर फिल्टरचे झाकण काढून कागदी घडीत गाळ आहे का ते बोटाने तपासायचे. गाळ निघाला की इंजिन फिरवायला मनाई, कारण पाणी आत असताना चावी मारली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग ते पुराचे नुकसान की मालकाच्या चुकीचे, हा वाद उभा राहतो. हे शिकायला मला तमिळनाडूचा वेगळा परवाना लागला नाही. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीच्या पुरातही तेच.

त्यामुळे हर्षदरावांचा ‘एकच परवाना’ हा विचार मला पटतो. रारीटनकाठी, तुमचे हे ज्ञान कोणताही परवाना हिरावून घेणार नाही. एक लक्षात ठेवा: आपला सर्वेयर कायद्याने कंपनीपासून वेगळा असतो आणि त्याचा अहवाल स्वतःच्या सहीने उभा राहतो. तिकडच्या इंडिपेंडंटच्या नावात स्वातंत्र्य असले तरी तो कंपनीच्या वतीने काम करतो. हा फरक मनात नीट बसवा.

नीता फोर्टमायर्स

मी अ‍ॅडजस्टर नाही, घरमालक आहे. पण हर्षद यांनी ‘पाणी आत आले हे सगळीकडे सारखेच’ असे लिहिले, म्हणून लिहायला बसले.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळ आमच्या डोक्यावरून गेले. गॅरेजच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ जमिनीपासून दोन फूट सात इंचांवर होती. यजमानांनी तिच्या खाली टेप धरून फोटो काढला आणि तो फोटो आम्ही आजही जपून ठेवला आहे. पुराची पॉलिसी वेगळी आणि वाऱ्याची वेगळी, त्यामुळे दोन अ‍ॅडजस्टर. पुराचे गृहस्थ अनुभवी होते, रेघ पाहून त्यांनी ओलाव्याचे यंत्र रेघेच्या वर एक फुटापर्यंत लावत नेले आणि ड्रायवॉल कोठपर्यंत कापायची ते तिथेच पेन्सिलीने लिहून दिले.

वाऱ्याच्या क्लेमसाठी मात्र चार महिन्यांत तीन जण बदलले. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही. पहिला तरुण मध्य-पश्चिमेतील एका राज्यातून आला होता, अतिशय विनम्र होता, दोन वेळा चहा घेऊन गेला. पण आमच्या पॉलिसीत हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे वादळाच्या नुकसानीत घरमालकाने स्वतः सोसायची रक्कम, घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीत असते हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने साधा डिडक्टिबल धरून आकडा सांगितला आणि आम्ही त्यावर विसंबून छतवाल्याला आगाऊ रक्कम दिली. तसेच छताचा पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक भाग खराब झाला तर काय करायचे याबद्दल येथे बांधकाम नियमावलीत एक नियम आहे, आणि २००७ च्या नियमावलीनुसार बांधलेल्या छतांसाठी तो २०२२ मध्येच बदलला होता. आमचे छत जुने. जुन्या छताला कोणता भाग लागू, नव्याला कोणता, हे तिसरी बाई येईपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. दुसऱ्या माणसाचे नाव मी राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ फायनान्शिअल सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर शोधले, तेथे परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येते, आणि ते नाव त्या यादीत नव्हते. मी कंपनीला कळवले आणि आठवड्यात तो बदलला.

सदानंद काका, गाडी सगळीकडे सारखी असेल. घर सारखे नसते, आणि त्याचा कायदाही सारखा नसतो. रात्री ताडपत्रीखाली बादल्या लावून झोपणाऱ्या माणसाला समोरचा कोणाच्या परवानगीने आला आहे हे विचारायचा अधिकार असायला हवा.

हर्षद कोलंबस

नीताताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. डिडक्टिबलची चूक माझ्यासारख्या डेस्कवाल्याकडूनही झाली असती हे मला मान्य आहे. परवाना हवाच, हे मी आता आढेवेढे न घेता म्हणतो. शुल्क आणि तारखांचा पसारा मात्र कमी व्हावा ही माझी मागणी कायम आहे. मृण्मयी, तुमच्या मुद्द्यावर मी जुन्या कंपनीला पत्र लिहून माझ्या कामाचे वर्गीकरण काय होते ते विचारतो आहे.

सदानंद कोथरूड

नीताताई, पटले. घराच्या बाबतीत माझे विधान घाईचे होते.

गिरगाव ते लाँग आयलंड

रारीटनकाठी, तुम्ही एडिसनला आहात म्हणून शेजारचे सांगतो. न्यू यॉर्क इतर राज्यांच्या परीक्षेला मान देत नाही. इंडिपेंडंट अ‍ॅडजस्टरला येथील परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते. कॅलिफोर्निया आणि हवाई यांचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियात तर त्यापलीकडे अनुभवाची अट आणि २,००० डॉलरचा बाँड आहे. त्यामुळे या तिघांना पहिल्या वर्षाच्या यादीत घेऊ नका.

तुमचा हात मोटारीवर बसलेला आहे, म्हणून आणखी एक. घराच्या क्लेमला परवाना न लावणारी काही राज्ये गाडीचे नुकसान ठरवणाऱ्याला मात्र वेगळा अप्रेझर परवाना लावतात. पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स ही त्यातली जवळची उदाहरणे. ‘पेनसिल्व्हेनियात अ‍ॅडजस्टरला परवाना लागत नाही’ एवढेच ऐकून गाडी पाहायला जाल तर पंचाईत होईल.

चिंतामणी रॅले

मी माझी चूक सांगतो, कारण ती टाळता येण्यासारखी होती.

मी शिकागोजवळ राहत होतो. इलिनॉयमध्ये परवाना नाही, म्हणून फ्लोरिडाला मानलेले घर केले आणि त्यावर आणखी नऊ राज्यांचे परवाने काढले. मग नोकरीनिमित्त रॅलेला आलो. नॉर्थ कॅरोलिना अ‍ॅडजस्टरला परवाना देते. म्हणजे ज्या दिवशी मी येथील रहिवासी झालो त्या दिवसापासून मला दुसऱ्या राज्याला घर मानण्याचा आधारच उरला नाही. येथील परीक्षा देऊन येथील परवाना घेणे आणि बाकी सर्वांना पत्ता व मूळ राज्य बदलल्याचे कळवणे माझे काम होते. बऱ्याच राज्यांत पत्ता बदलल्याचे तीस दिवसांत कळवावे लागते. मी घर लावण्यात गुंतलो. टपाल जुन्या पत्त्यावर जात राहिले. त्यातच पुढील शिक्षणाचे तास राहिले आणि फ्लोरिडाचा परवाना बाद झाला.

त्यानंतर जे झाले ते मला अपेक्षित नव्हते. नऊच्या नऊ परवाने त्या एका परवान्याच्या आधाराने उभे होते. एकामागून एक पत्रे आली. ऐन मोसमात डिप्लॉयमेंटचा, म्हणजे वादळाच्या कामावर जाण्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडे एकही चालू परवाना नव्हता, आणि मला नाही म्हणावे लागले. सगळे परत उभे करायला दोन महिने गेले. पत्नीने तेव्हा स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर प्रत्येक राज्याची नूतनीकरणाची तारीख लाल पेनने लिहिली. ती पद्धत आम्ही आजही ठेवली आहे.

तेव्हा किती राज्ये हा प्रश्न नंतरचा. मूळ परवाना एक दिवसही बंद पडू देऊ नका.

केटीचे काका

चिंतामणी, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. यात एक भर घालतो: कोणत्याही एका राज्याने तुमच्यावर कारवाई केली, अगदी किरकोळ दंडाची असली, तरी ती बाकीच्या राज्यांना ठरलेल्या मुदतीत स्वतःहून कळवावी लागते. लपवलेली गोष्ट मूळ दंडापेक्षा महाग पडते.

ओवी, तुझा प्रश्न राहून गेला. एच-४ वर असताना तुझ्याकडे कामाचे ईएडी कार्ड असेल, जे २०१५ पासून काही एच-४ धारकांना मिळते, तर तुला काम करता येते. कार्ड नसेल तर अभ्यासक्रम करायला हरकत नाही, काम मात्र करता येणार नाही. एच-१बी वर असलेल्यांनी तर आपल्या नोकरीव्यतिरिक्त फीवर हे काम करूच नये. वकिलाचा सल्ला घे, पण सिव्हिल इंजिनिअर असशील तर हे काम तुझे आहे. तुला छताचा उतार पाहून कळेल, इतरांना तो मोजून काढावा लागतो.

आता अनुभवाबद्दल, कारण तिकडे वळायचे राहिले. २५ ऑगस्ट २०१७ ला हार्वे वादळ टेक्सासमध्ये रॉकपोर्टपाशी आले आणि मग ह्यूस्टनवर दिवसेंदिवस पाऊस पडला. राज्याने आपत्ती जाहीर केली की परवाना नसलेल्यांनाही आपत्कालीन परवाना देता येतो; कंपनीने जबाबदारी घ्यायची, आणि टेक्सासमध्ये तो ९० दिवसांचा असतो. त्या वेळी माझ्या हाताखाली असे काही जण आले. परवाना त्यांच्याकडे होता, पण नजर नव्हती. गारांच्या क्लेममध्ये आम्ही छताच्या प्रत्येक उतारावर खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्यातले खरे घाव गोलाकार खूण करून मोजतो. गारेचा घाव बोटाने दाबला तर सफरचंदाच्या डागासारखा मऊ लागतो, दाणे निघून खालचा काळा थर दिसतो. वर्षानुवर्षे उन्हाने आलेला फोड कडक असतो आणि त्याच्या कडा उठलेल्या असतात. नव्या मुलांनी दोन्हींना सारखेच गोल केले होते. मी त्यांना पुन्हा शिडी लावायला लावली. रारीटनकाठी, तुम्ही अकरा वर्षे हेच करत आला आहात, फक्त पत्र्याऐवजी छत येईल.

पुराचे काम लगेच मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. साध्या घरविम्यात पूर नसतो. राष्ट्रीय पूर विमा कार्यक्रमाचे क्लेम हाताळायला राज्याच्या परवान्याशिवाय फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची वेगळी नोंदणी आणि मालमत्तेच्या कामाचा काही वर्षांचा अनुभव लागतो. नीताताईंकडे आलेले पेन्सिलवाले गृहस्थ त्या जातीचे.

पार्सिपनीकर

विषयाला धरूनच एक शंका. सँडी वादळाच्या वेळी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, आमच्या गल्लीत एक छतवाला दारोदार फिरत होता आणि ‘तुमचा क्लेमही मीच कंपनीकडून काढून देतो’ म्हणत होता. असे करायला परवाना लागतो का?

मृण्मयी टँपा

लागतो. घरमालकाच्या वतीने कंपनीशी रकमेबद्दल बोलणे म्हणजे पब्लिक अ‍ॅडजस्टिंग, आणि ते तुमच्या न्यू जर्सीतही परवान्याशिवाय करता येत नाही. फ्लोरिडात विनापरवाना केले तर तो फौजदारी गुन्हा आहे. टेक्सासमध्ये तर ज्या घराचे छत तुम्ही दुरुस्त करणार, त्याच घराचे पब्लिक अ‍ॅडजस्टर होता येत नाही. एका रूफिंग कंपनीने हा नियम म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे असा दावा केला होता, तो टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.

परवानाधारक पब्लिक अ‍ॅडजस्टरच्या फीलाही मर्यादा आहे. आमच्याकडे सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या घटनेच्या क्लेमवर पहिले वर्षभर जास्तीत जास्त १० टक्के, एरवी २० टक्के. करार झाल्यावर तो दहा दिवसांत रद्द करण्याचा हक्कही असतो. रारीटनकाठी, तुम्ही कंपनीच्या बाजूने काम करणार असाल तरी हे पाठ ठेवा. घरमालक गोंधळलेला असतो आणि पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतो.

रारीटनकाठी

सर्वांचे मनापासून आभार. एवढे मिळेल असे वाटले नव्हते. फर्मला आज फोन केला. त्यांचे निम्म्याहून अधिक काम फ्लोरिडाचे आहे असे ते म्हणाले, म्हणून मृण्मयीताईंचे ऐकून फ्लोरिडालाच मानलेले घर करायचे ठरवले आहे. त्यावर पहिल्या वर्षी टेक्सास, लुइझियाना, जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलिना, एवढेच. न्यू यॉर्कची परीक्षा हिवाळ्यात देईन. नीताताई, हरिकेन डिडक्टिबलचे प्रकरण मी अभ्यासक्रमात पहिल्यांदा उघडणार आहे.

अर्ज भरायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडलो. ग्रीन कार्डावर माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही पूर्ण आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर आहे. अर्जात कोणते लिहू?

केटीचे काका

थांबा, अर्ज पाठवू नका. वडिलांच्या नावाचा हा घोळ मी आपल्या माणसांत अनेकदा पाहिला आहे. अर्ज, बोटांचे ठसे, परीक्षेची नोंद आणि परीक्षेच्या दिवशी दाखवायचे ओळखपत्र, या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच हवे. तसे नसेल तर ठशांचा अहवाल एका नावावर येतो, अर्ज दुसऱ्या नावावर असतो, आणि तो जुळेपर्यंत आठवडे जातात. पुढे प्रत्येक राज्यात तेच नाव नॅशनल प्रोड्यूसर नंबरला, म्हणजे सर्व राज्यांत चालणाऱ्या तुमच्या ओळख क्रमांकाला जोडले जाते, म्हणून आत्ताच नीट करा. आधी मोटार व्हेइकल कमिशनमध्ये जाऊन लायसन्सवर ग्रीन कार्डाप्रमाणे पूर्ण नाव करून घ्या. मग ठसे, मग अर्ज.

रारीटनकाठी

गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. ग्रीन कार्ड, पासपोर्ट आणि पत्त्यासाठी विजेचे बिल काढून ठेवले आहे.

चिंतामणी रॅले

आणि पत्ता लिहिताना टपाल नक्की मिळेल असाच द्या.